मातीतलं पाणी

मातीकाम शिकायला आलेला माणूस पहिल्या दिवशी मातीकडे बघतो. तिचा रंग बघतो, वास घेतो, बोट रुतवून बघतो. शेजारी प्लास्टिकच्या डब्यात भरून ठेवलेल्या पाण्याकडे त्याचं लक्ष जात नाही. ते हात धुवायला असावं असं त्याला वाटतं. बारा वर्षांपूर्वी पुण्यात मी पहिल्यांदा चाकावर बसले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. आता रविवारी सकाळी सात-आठ नवशिक्यांना मी हे काम दाखवते, आणि माझी खात्री वाढत चालली आहे की या कामात शिकण्यासारखं जे आहे ते जवळजवळ सगळं त्या डब्यात आहे. मळणं, वळणं, जोडणं, वाळवणं, भाजणं, वर चकाकी चढवणं ही सगळी पाण्याची कामं. माती पाणी घेते, धरून ठेवते आणि सोडते. ते कधी, कुठून आणि किती वेगाने जाऊ द्यायचं एवढंच आपल्या हातात असतं.

गेल्या उन्हाळ्यात वर्गात एक काकू आल्या. वय बासष्ट, मूळच्या बार्शीकडच्या, घरात अजून रोज ज्वारीची भाकरी. मी सगळ्यांना मातीची एक परीक्षा दाखवत होते: करंगळीएवढी जाड वळी करायची आणि ती बोटाभोवती गुंडाळायची. वळी न चिरता वळली तर माती कामाला योग्य. काकूंची वळी बाहेरच्या अंगाला चिरली. त्यांनी कुणालाही न विचारता बोटं पाण्यात बुडवली, वळी पुन्हा मळली आणि म्हणाल्या, "विरी गेलेलं पीठ असंच चिरतं गं." भाकरी थापणाऱ्या बाईला पीठ आणि पाणी यांचं नातं समजावून सांगावं लागत नाही. मला मात्र ते कळायला पुस्तकं वाचावी लागली होती.

चिकणमातीचा कण म्हणजे वाळूच्या कणाचीच बारीक पूड, असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. वाळूचा कण खड्यासारखा, चहूबाजूंनी सारखा जाड. चिकणमातीचा कण पापुद्र्यासारखा चपटा, आणि इतका लहान की एका मिलिमीटरच्या लांबीत असे पाचशे कण शेजारी-शेजारी सहज मावतात. या पापुद्र्यांच्या मधे पाण्याचा थर बसतो. काचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींवर ठेवून पाहा. सरकवल्या की सहज सरकतात, पण उचलून वेगळ्या करायला गेलं तर निघत नाहीत. माती दाबली की दबते आणि सोडली की दिलेल्या आकारात राहते, ती याच कारणाने. वाळूलाही पाणी लागतं, किल्लाही होतो, पण वाळूची वळी बोटाभोवती गुंडाळता येत नाही, कारण तिच्यात पापुद्रे नाहीत आणि त्यांच्यामधला तो सलग थरही नाही. कामाजोग्या मातीच्या गोळ्यात वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पाणी असतं. बघताना ते दिसत नाही, हाताला फक्त गार लागतं.

गावाकडचा कुंभार माती आणली की लगेच चाकावर घेत नाही. ती फोडतो, चाळतो, भिजत घालतो, तुडवतो, पुन्हा ढीग करून झाकून ठेवतो. हे दिवस वाया गेल्यासारखे दिसतात, पण पाण्याला प्रत्येक पापुद्र्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि कालची भिजवलेली माती आणि महिन्यापूर्वीची मुरलेली माती यांतला फरक हाताला ताबडतोब कळतो. बाजारातून पिशवीबंद माती आणणाऱ्या आम्हा शहरी लोकांना हा टप्पा बघायलाच मिळत नाही. तरी मळण्यातून आमची सुटका नाही. पिशवीतला गोळा बाहेरून कडक आणि आतून मऊ झालेला असतो. तो तळहाताने पुढे रेटून, अर्धा फिरवून, पुन्हा रेटून सारखा करावा लागतो. कणीक आपण आपल्याकडे ओढून मळतो, ही माती पुढे ढकलून खाली दाबायची असते, घडी घालायची नसते. मग तारेने मधोमध कापून दोन्ही तोंडं बघायची: कुठे गाठ आहे का, कुठे हवेचा फुगा आहे का.

या फुग्यांविषयी एक गैरसमज प्रत्येक वर्गात सांगितला जातो, मलाही सांगितला गेला होता: हवेचा फुगा राहिला तर भांडं भट्टीत फुटतं. माझा दुसरा का तिसरा वाडगा भट्टीत फुटला, शेजारच्या चार भांड्यांवर त्याचे तुकडे उडाले, आणि ज्यांची ती भांडी होती त्यांच्यासमोर उभं राहून मी कबूल केलं की मी नीट मळलं नव्हतं. कित्येक महिने मी घाम फुटेपर्यंत मळत राहिले. पुढे कळलं की गुन्हा हवेचा नव्हता. बंदिस्त हवा तापून फुगते, पण माती सच्छिद्र असते, हवेला बाहेर पडायला वाट सापडते. मी त्या वाडग्याचा तळ अंगठ्याएवढा जाड ठेवला होता आणि तो वरून वाळलेला दिसला म्हणून भट्टीत जाऊ दिला होता. तळाच्या पोटात पाणी होतं. त्या पाण्याची वाफ झाली, आणि पाण्याची वाफ होताना तिला सुमारे १७०० पट जागा लागते. फुगे काढायचे ते चाकावर हाताला आडवे येतात म्हणून, भिंतीत कमकुवत जागा राहते म्हणून. भट्टीतल्या फुटण्याला भ्यायचं असेल तर जाड तळाला भ्यावं.

पहिलं भांडं मी नेहमी चिमटीचं करायला देते. लिंबाएवढा गोळा डाव्या तळहातात घ्यायचा, उजवा अंगठा मधोमध खाली न्यायचा, तळाशी अर्धा बोटभर माती राहील तिथे थांबायचं आणि मग अंगठा आत, बोटं बाहेर अशी चिमटी घेत गोळा फिरवत राहायचं. यापेक्षा जुनी आणि यापेक्षा चांगली शाळा नाही. चाक नको, हत्यार नको, आणि भिंतीची जाडी डोळ्यांनी न बघता बोटांनी मोजायची सवय इथे लागते ती जन्मभर पुरते. नवशिक्याचा इथे एकच मोह असतो. हाताच्या उबेने काठ वाळतो, त्यावर बारीक चिरा येतात, आणि तो चटकन पाण्यात बोट बुडवून त्या पुसतो. चिरा नाहीशा होतात. दोन मिनिटांनी पुन्हा येतात, आता जास्त. पुन्हा पाणी. असं चार वेळा झालं की काठ चिखल होतो आणि आतली माती तशीच ताठ राहते. वरून लावलेलं पाणी आत जायला वेळ मागतं, आणि आपण तो देत नाही.

काकूंचंही हेच झालं. भाकरीची कड चिरली की ओल्या बोटाने सारखी करायची, ही चाळीस वर्षांची सवय. मी त्यांना म्हटलं, "काकू, भाकरी पाच मिनिटांत तव्यावर जाते, हे भांडं आठवडाभर वाळणार आहे." त्या क्षणभर थांबल्या. मग त्यांनी काठ ओल्या फडक्याने झाकला, भांडं बाजूला ठेवलं आणि दुसरा गोळा घेतला. पंधरा मिनिटांनी काठ मऊ झालेला होता. नुसतं थांबणं हेही एक तंत्र आहे, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा फार लवकर जमलं.

चिमटीनंतर वळ्या आणि पोळ्या. वळ्या एकावर एक रचून मोठं भांडं उभं राहतं, पोळी लाटून चौकोनी डबी किंवा बशी होते. दोन्हींत खरा प्रश्न जोडाचा. कपाचा कान हे त्याचं नेहमीचं उदाहरण. कप सकाळी केला, कान संध्याकाळी केला, चिकटवला, छान बसला, आणि तिसऱ्या दिवशी मुळाशी बारीक रेघ दिसू लागली. माणूस म्हणतो, नीट चिकटवला नाही. बहुतेक वेळा चिकटवलेला नीटच असतो. कप सकाळपासून पाणी सोडत आला आहे, म्हणजे थोडा आकसून झाला आहे. कान ताजा आहे, त्याचं सगळं आकसणं अजून व्हायचं आहे. तो आकसताना कप त्याच्याबरोबर येत नाही, आणि मधला जोड दोघांच्या ओढाताणीत तुटतो. म्हणून जोडायच्या दोन्ही वस्तू सारख्या ओल्या हव्यात. हे सांभाळलं तर बाकीचं सोपं आहे: दोन्ही तोंडांवर काट्याने आडव्या-उभ्या रेघा ओढायच्या, त्याच मातीचा दह्याएवढा घट्ट घोळ लावायचा, दाबून किंचित हलवायचं, म्हणजे दोन्हीकडचे पापुद्रे एकमेकांत गुंततात. आणि मग ते भांडं प्लास्टिकमध्ये झाकून रात्रभर ठेवायचं, म्हणजे कानातलं आणि कपातलं पाणी आपसांत वाटून घेतलं जातं.

तेरला रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहन काळातल्या पांढऱ्या केओलिन मातीच्या लहान मूर्ती आहेत. त्या पोकळ आहेत. पुढचा अर्धा एका साच्यात दाबायचा, मागचा अर्धा दुसऱ्या साच्यात, मग दोन्ही जोडायचे, अशी ती रीत. दागिन्यांचं, केशरचनेचं कोरीव काम बघायला लोक तिथे थांबतात, आणि ते बघण्यासारखंच आहे. माझी नजर मात्र कुशीवरच्या जोडाकडे जाते. ज्याने ते दोन अर्धे जोडले त्याने ते सारख्या ओलीचे आहेत हे बोटांनी तपासलं असणार, नाहीतर ती मूर्ती वाळतानाच दुभंगली असती. दोन हजार वर्षं टिकण्याचा निर्णय त्या काही मिनिटांत झालेला आहे.

चाकाबद्दल थोडक्यात सांगते, कारण चाक वाचून येत नाही. गोळा मधोमध आणणं, तो उघडणं आणि भिंत वर ओढणं या तीन हालचाली आहेत, आणि पहिलीच सगळ्यांत अवघड आहे. कोपर मांडीला टेकवून हात स्थिर ठेवायचे, गोळ्याने हाताप्रमाणे वागायचं, हातांनी गोळ्याप्रमाणे नाही. इथे पाणी वंगणाचं काम करतं. हात कोरडा पडला की माती त्याला धरते आणि पीळ बसतो. म्हणून नवशिक्या ओंजळीने पाणी घेतो. अर्ध्या तासात भिंत पाणी पिऊन मऊ पडते आणि खाली बसते. अनुभवी माणसाच्या चाकाभोवती फारसा चिखल दिसत नाही. तो बोटांच्या टोकांवर येईल एवढंच पाणी घेतो आणि भांड्याच्या तळाशी साचलेलं स्पंजाने लगेच टिपतो. ते टिपलं नाही तर तळ भिंतीपेक्षा ओला राहतो, उशिरा आकसतो, आणि वाळताना तळाला इंग्रजी एस अक्षरासारखी वळणदार चीर पडते. ती टाळायला तळ उघडल्यावर बोटाने दोन-तीनदा मधून काठाकडे आणि काठाकडून मधे दाबून घ्यायचा.

यानंतर भांड्याची एक अवस्था येते, तिला इंग्रजीवरून आम्ही लेदर-हार्ड म्हणतो. मला त्यासाठी स्वयंपाकघरातली उपमा जास्त जवळची वाटते: नारळाच्या वड्या पाडायच्या बेताला आलेलं सारण. ताटात थापलं आहे, बोटाला चिकटत नाही, पण सुरीने सरळ रेघ कापली जाते. त्याच्या आधी कापलं तर सुरीला चिकटतं, नंतर कापलं तर भुगा होतो. मातीचंही अगदी तसंच. या अवस्थेत भांडं उचलता येतं, चाकावर पालथं घालून तळाची जादा माती काढता येते, आणि ती सुटते ती लांब, सलग फितीसारखी. नक्षी कोरायची, तोटी बसवायची, भोक पाडायचं तर आत्ताच. ही वेळ कधी येईल हे घड्याळ सांगत नाही. मे महिन्यात पुण्यात दुपारच्या दोन तासांत येते, जुलैमध्ये दोन दिवस येत नाही. मी सकाळी वर्गात शिरले की दिवा लावायच्या आधी फळीवरच्या भांड्यांना हात लावून फिरते.

आता वाळवणं. मला वाटतं इथेच सगळ्यांत जास्त भांडी जातात, आणि इथेच सगळ्यांत कमी शिकवलं जातं. वाळताना पाणी दोन वेळा वेगवेगळ्या जागांहून निघतं. आधी निघतं ते पापुद्र्यांच्या मधलं, ज्याच्यामुळे ते सरकत होते. ते जसं निघेल तसे पापुद्रे जवळ येतात आणि भांडं लहान होतं. शेवटी ते एकमेकांना टेकतात. मग आकसणं जवळजवळ थांबतं. पण टेकलेल्या पापुद्र्यांच्या सांदीकोपऱ्यांत अजून पाणी असतं, ते नंतर निघतं, आणि ते निघताना मातीचा रंग फिकट होत जातो. पहिलं पाणी घाईने आणि एकाच बाजूने निघालं तर भांड्याला तडा जातो. दुसरं पाणी राहून गेलं तर भांडं भट्टीत फुटतं. हे दोन धोके वेगळे आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

तडा टाळायचा तर सगळीकडून सारखं आकसायला हवं. काठ पातळ आणि उघडा असतो, तो आधी वाळतो. तळ फळीला चिकटलेला असतो, तो शेवटी. म्हणून काठावर प्लास्टिकची पट्टी टाकायची, काठ भांडं पेलण्याइतका घट्ट झाला की भांडं पालथं घालायचं, खाली वर्तमानपत्र ठेवायचं म्हणजे आकसताना ते फळीवर सरकू शकतं. पंख्याखाली ठेवायचं नाही. खिडकीत ठेवायचं नाही, ज्या बाजूने वारा येईल त्या बाजूला ते वाकतं. भिंत सगळीकडे सारख्या जाडीची ठेवा असं मी पहिल्या दिवसापासून सांगते त्याचं कारण इथे कळतं. आणि फुटणं टाळायचं तर नुसती वाट बघायची. भांडं पूर्ण वाळलं का हे गालाला लावून कळतं. आत पाणी असेल तर ते उडताना उष्णता ओढून घेतं आणि भांडं गालाला गार लागतं. कोरडं झालेलं भांडं खोलीइतकंच असतं. काकू दर रविवारी आपली भांडी एकेक करून गालाला लावायच्या, लहान बाळाचा ताप बघावा तशा.

कुंभाराच्या गावाचं वर्षही या पाण्यावरच बेतलेलं असतं. पावसाळ्यात हवाच ओली, मडकी वाळत नाहीत, उघड्यावरचा आवा पेटत नाही, तेव्हा चाक थांबतं. पाऊस सरला की नवरात्रातले घट, दिवाळीच्या पणत्या, संक्रांतीची सुगडं, मग उन्हाळ्याचे माठ. त्याच्या मातीत राख असते, बारीक वाळू असते, घोड्याची लीद असते. शहरातल्या माणसाला लिदीचं नाव ऐकून कसंसं वाटतं, पण त्यात फार मोठी समज आहे. लिदीतल्या गवताच्या काड्या ओल्या मातीत पाण्याला बाहेर यायच्या वाटा ठेवतात, आणि आव्यात जळून गेल्या की त्यांच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. आमच्या विजेच्या भट्टीला अंशांचे आकडे दाखवणारी पेटी आहे, रात्रभर ८०-९० अंशांवर रेंगाळत ठेवायची सोय आहे. त्याच्याकडे हे काही नाही, म्हणून त्याने ती सोय मातीतच मिसळून ठेवली आहे.

भाजण्याआधी काहीही बिघडलं तरी माती परत मिळते, हे मी मुद्दाम करून दाखवते. दोन काचेच्या वाडग्यांत पाणी घेते. एकात पूर्ण वाळलेला मातीचा तुकडा टाकते, दुसऱ्यात अर्धवट ओला. सगळ्यांना वाटतं ओला आधी विरघळेल. होतं उलट. कोरडा तुकडा बुडबुडे सोडत, कुजबुजल्यासारखा आवाज करत काही मिनिटांत कोसळतो आणि तळाशी मऊ ढीग होतो. ओला तुकडा तासभर तसाच बसून राहतो. कोरड्याच्या सांदींत हवा असते, पाणी झपाट्याने आत शिरतं आणि पापुद्रे सुटे करतं. ओल्याच्या सांदी आधीच भरलेल्या असतात, त्यात नव्या पाण्याला जागाच नाही. म्हणून मोडलेलं काम पुन्हा मातीत घालायचं तर आधी खडखडीत वाळवायचं. ज्यांचं भांडं त्या दिवशी मोडलेलं असतं त्यांना हा प्रयोग बघून बरं वाटतं.

ही परतीची वाट भट्टीत बंद होते, आणि तीही पाण्यामुळेच. सांदीतलं पाणी १०० अंशांच्या आसपास गेलं की वाटतं झालं, आता माती कोरडी. पण मातीच्या प्रत्येक पापुद्र्याच्या घडणीतच पाण्याचा अंश बांधलेला असतो, उन्हात कितीही वाळवली तरी न निघणारा. शुद्ध केओलिनच्या वजनाचा जवळजवळ १४ टक्के भाग हा असतो. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान तो सुटतो आणि वाफ होऊन जातो. तो गेला की पापुद्रा पूर्वीचा पापुद्रा राहत नाही. त्या तुकड्याला मग वर्षभर पाण्यात ठेवलं तरी त्याचा चिखल होत नाही. याच टप्प्यात, ५७३ अंशांवर, मातीतल्या वाळूचे कण एकदम फुगतात आणि थंड होताना तिथेच पुन्हा आकसतात, म्हणून चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा तिथे सावकाश जायचं. पुढे हजार अंशांपर्यंत नेलं की पहिली भाजणी झाली. भट्टी उघडायची घाई करू नये. हात लावता येईल इतकी ती निवू द्यावी.

भाजलेलं भांडं बोटाच्या पेराने वाजवून बघतात. कच्चं बद्द वाजतं, पक्कं खणखणतं, तडा गेलेलं भांडं डोळ्यांना दिसायच्या आधी कानाला कळतं. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी थापटून नामदेवांना कच्चं मडकं ठरवल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मातीकाम करायला लागल्यावर मला त्या कथेत आधी न दिसलेली गोष्ट दिसली. कच्चं मडकं आकाराने पूर्ण असतं. डोळ्यांना त्यात आणि पक्क्यात उणं-अधिक दिसत नाही. फरक फक्त आत अडकून राहिलेल्या पाण्याचा आणि न लागलेल्या आचेचा. तो कानालाच कळायचा, आणि त्या परीक्षेला कुंभारच हवा होता.

प्रवरेकाठच्या जोर्वे गावात १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं, आणि त्या गावाच्या नावावरून ज्यांना जोर्वे भांडी म्हणतात ती लाल अंगावर काळी नक्षी असलेली, तोटीची आणि कंगोरेदार भांडी पुढे इनामगावासह दख्खनच्या कितीतरी गावांतून निघाली. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची ही भांडी चाकावर घडवलेली आहेत, भिंती पातळ आणि एकसारख्या, आणि त्यांचं वर्णन करताना पुरातत्त्वज्ञ एक गोष्ट आवर्जून लिहितात: वाजवली की धातूसारखा नाद येतो. त्या कुंभाराने माती किती गाळली, किती मुरवली, किती वाळवली आणि आच किती चढवली हे सगळं त्या नादात ऐकू येतं.

चकाकी, म्हणजे ग्लेझ, हा खरं तर वेगळ्या लेखाचा विषय. इथे एवढंच सांगते की तीही पाण्यावर बसूनच येते. काचेचा कच्चा माल बारीक दळून पाण्यात ढवळलेला असतो, सायीएवढा दाट. पहिली भाजणी झालेलं भांडं त्यात तीन अंक मोजेपर्यंत बुडवायचं. तहानलेलं भांडं पाणी आत ओढतं आणि पूड बाहेर अंगावर राहते. चार अंक मोजले तर थर जाड होतो आणि भट्टीत ओघळतो. भांड्यावर धूळ किंवा हाताचं तेल असेल तिथे पाणी शिरत नाही आणि टक्कल राहतं. मग दुसरी भाजणी, दगडी मातीसाठी १२०० अंशांच्या वर, जिथे पूड वितळून काच होते, भांड्याचं अंगही आवळून येतं आणि पाण्याला शिरायला वाट जवळजवळ उरत नाही. सगळं मिळून भांडं ओल्या मापापेक्षा दहा-बारा टक्क्यांनी लहान होतं. हे आधी सांगितलेलं असूनही प्रत्येकाचा पहिला चहाचा कप दोन घोटांचा निघतो.

एवढं पाणी काढून टाकल्यावरही माती ते विसरत नाही, आणि हे कळलं तेव्हा मी दोन दिवस त्याच विचारात होते. भाजलेली माती हवेतला ओलावा फार हळू, रेणूरेणूने परत आपल्या घडणीत बांधून घेत राहते. २००९ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातल्या मोइरा विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या परत येण्याचा वेग मोजून जुन्या विटा-भांड्यांचं वय काढायची पद्धत मांडली. पद्धतीवर पुढे मतभेद झाले, पण त्यांनी दिलेला वेगाचा नियम विलक्षण आहे. पहिल्या वर्षात जितकं पाणी येतं त्याच्या दुप्पट व्हायला १६ वर्षं लागतात, तिप्पट व्हायला ८१. या हिशेबाने जोर्व्याच्या एखाद्या खापरात तीन हजार वर्षांत पहिल्या वर्षाच्या सातपटीच्या थोडं पुढे इतकंच पाणी परतलेलं असेल. ते खापर पुन्हा ५०० अंशांना तापवलं तर ते पाणी निघून जातं आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

काकूंना चकाकी नको होती. त्यांनी लाल मातीचं, वळ्या रचून केलेलं, लिटरभर पाणी राहील एवढं गोल भांडं फक्त एकदा भाजून मागितलं आणि मे महिन्यातल्या एका रविवारी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्यांचा फोन. आवाज पडलेला. "अगं, पाझरतंय गं ते. रात्री भरून ओट्यावर ठेवलं, आता खाली ओलं वर्तुळ झालंय. सगळ्या अंगाला घाम आल्यासारखं दिसतंय. कुठे चीर राहिली का बघ म्हणून मी वाजवून पण बघितलं, वाजतंय तर चांगलं."

मी विचारलं, "काकू, आतल्या पाण्यात बोट घालून बघितलंत?"

त्या गेल्या. फोनवर ताटलीचा आवाज आला, झाकण असावं. पाणी भांड्याच्या अंगातून ज्या वाटांनी वाळताना आणि भाजताना बाहेर गेलं होतं, तशाच वाटांनी रात्रभर बाहेर येत होतं आणि कोरड्या हवेत उडत होतं, आणि उडणारा प्रत्येक ग्रॅम साधारण ५८० कॅलरी उष्णता आतल्या पाण्यातून घेऊन जात होता. मुंबईच्या दमट हवेत ते इतकं उडालं नसतं. पुण्याच्या मे महिन्यात आणि बार्शीत, नागपुरात ते भरपूर उडतं.

त्या परत फोनवर आल्या तेव्हा काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "गार आहे गं. आमच्या विहिरीसारखं." खाली काय ठेवू असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं परातीत थोडी वाळू घाला आणि त्यावर ठेवा, म्हणजे वाळू ओली राहील.

"ती ठेवते," त्या म्हणाल्या, "आणि वाळूत मेथी पेरते."